हाताजोगी मूठ

हत्यार म्हटलें कीं आपलें लक्ष पात्याकडे जातें. तरवारीची धार, भाल्याचें टोंक, बंदुकीची नळी यांविषयीं कवींनीं लिहिलें, इतिहासकारांनीं लिहिलें. हत्यार कोणीं, कोणावर आणि केव्हां उचलावें याचा खल नीतिशास्त्रज्ञांनींहि पुष्कळ केला. मुठीचा विचार मात्र फारसा कोणीं केलेला नाहीं. वस्तुतः पातें जगाकडे तोंड करून असतें आणि मूठ माणसाकडे. नीतीचा प्रश्न जर माणसाच्या कर्तृत्वाचा असेल, तर जेथें लांकूड संपतें आणि तळहात सुरू होतो तेथेंच तो प्रथम उत्पन्न व्हावयास पाहिजे. कारण अमुक एक काम माणसानें केलें कीं हत्यारानें, हें ठरविण्याची जागा तीच होय.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो ग्रंथांतून नव्हे, चिकलठाण्याच्या एका सुतारामुळें. आमच्या भाचीची मुलगी, वय सतरा, हवेच्या पिस्तुलानें नेमबाजी करते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, विमानतळाच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या शेजारांत असलेल्या त्या गांवीं एक मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून तिनें आपल्या पिस्तुलास लांकडी मूठ करवून घेतली. ही हकीकत आम्हीं कॉलेजांतील शिक्षकांच्या खोलींत सांगितली, तेव्हां गणिताच्या आमच्या एका सहकाऱ्यांनीं विचारलें, "मग आतां छर्रा दहांत बसला तर गुण कोणाचे धरावयाचे? मुलीचे कीं मिस्त्रींचे?" सर्वजण हंसले. परंतु गृहस्थ विनोदानें बोलत नव्हते. कारखान्यांतून येणारी मूठ सर्वांना सारखी. ती काढून टाकून आपल्या एकट्याच्या हातापुरती दुसरी करवून घेणें म्हणजे शर्यतींत आपल्यापुरती वाट उताराची करून घेणें नव्हे काय, असा त्यांचा आक्षेप होता. तो आम्हांस दिसतो तितका पोरकट वाटत नाहीं.

ज्यांस या खेळाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. नेमबाज लक्ष्यापासून १० मीटरांवर उभा राहतो आणि एकाच हातानें, कोठेंहि न टेकतां, पिस्तूल उचलतो. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि दहा गुणांचें वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढें. ७५ मिनिटांत ६० छर्रे सोडावयाचे. स्त्रियांना पूर्वीं ४० असत. २०१८ पासून त्यांनाहि ६०. पिस्तुलावर पुढें माशी आणि मागें खांच, या दोहोंमध्यें फूटभर अंतर असतें. माशी खांचेच्या मध्यापासून पाव मिलिमीटरहून अधिक सरकली कीं छर्रा दहाच्या वर्तुळाबाहेर गेलाच म्हणून समजावें. पाव मिलिमीटर म्हणजे काय हें ज्यांनीं सुईंत दोरा ओंवला आहे त्यांना वेगळें सांगावयास नको. येथें तो दोरा हात लांब करून साठ वेळां ओंवावयाचा असतो.

आतां मुठीचा संबंध कोठें येतो तें पाहा. डोळे मिटून, हात सहज वर करून पिस्तूल समोर धरावें आणि मग डोळे उघडावे. माशी आपोआप खांचेच्या मध्यावर आलेली दिसली तर मूठ हाताची. ती डावीकडे किंवा खालीं दिसली तर मनगट किंचित् पिळून ती जागेवर आणावी लागते. पहिल्या दहा छर्ऱ्यांना हा पीळ जाणवत नाहीं. चाळिसाव्या छर्ऱ्याच्या सुमारास मनगट थकतें आणि आपल्या मूळच्या जागीं जाऊं पाहतें. मन दहांत असतें, हात आठांत. आमच्या भाचीच्या मुलीचें नेमकें हेंच होत होतें. कारखान्याच्या मुठी लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या येतात. तिचा तळहात लहान मापाचा, बोटें मध्यम मापाचीं.

मिस्त्रींच्या वडिलांचें आयुष्य तिफणी, कुळव आणि नांगराचीं रुमणीं करण्यांत गेलें. स्वतः मिस्त्री दारांच्या चौकटी आणि स्वयंपाकघरांतील कपाटें करतात. पिस्तूल त्यांनीं पूर्वीं हातांत घेतलेलें नव्हतें. परंतु पहिल्या दिवशीं त्यांनीं पिस्तुलाकडे पाहिलेंच नाहीं, मुलीचा हात पाहिला. नवें लांकूड पावसाळ्यांत फुगेल म्हणून कोणाच्या तरी मोडलेल्या शिसवी पलंगाचा खूर त्यांनीं शोधून काढला. आंतली खांचण जुन्या मुठीवरून जशीच्या तशी उतरून घेतली. बाहेरून तो केवळ एक ओबडधोबड ठोकळा राहिला. पुढची युक्ति मात्र त्यांची स्वतःची. त्यांचे धाकटे बंधु वसाहतींतील एका कारखान्यांत फिटर आहेत. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांस सर्वत्र टेकतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं फिटर एकावर निळा रंग फांसतात आणि दुसऱ्यावर तो कोठें उमटला तें पाहतात. मिस्त्रींनीं तोच रंग मुलीच्या तळहाताला फांसला, तिला ठोकळा नेहमींच्या जोरानें धरावयास लावलें, आणि जेथें रंग गडद उमटला तेवढीच जागा कानशीनें घासली. पुन्हां रंग, पुन्हां मूठ, पुन्हां कानस. असे चार रविवार गेले. शेवटीं सगळ्या मुठीवर रंगाची एकसारखी फिकी छाया उमटली, तेव्हां त्यांनीं कानस खालीं ठेवली.

ज्या वसाहतींत हा रंग वापरतात तेथें हजार नग हजारांसारखे निघाले तर तो कारखाना चांगला; एखादा वेगळा निघाला कीं तो टाकाऊ. आणि त्याच रंगानें येथें अशी वस्तु तयार झाली कीं जी जगांत दुसऱ्या कोणाच्याहि उपयोगाची नाहीं. आम्ही ती हातांत धरून पाहिली. आमच्या अंगठ्याला ती सरळ सरळ नको म्हणाली.

असो. आक्षेपाकडे वळूं. या खेळाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत हा प्रश्न फार पूर्वींच विचारांत घेतलेला दिसतो. पिस्तुलाचें वजन १५०० ग्रॅमांहून अधिक नसावें. तें मुठीसकट ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद अशा पेटींत मावलें पाहिजे. घोडा निदान ५०० ग्रॅमांचा भार उचलील इतका जड असावा. मूठ हाताच्या आकाराची करण्यास मुभा आहे. परंतु तिचा कोणताहि भाग हाताला वेढा घालणारा नसावा आणि मनगटाच्या मागें तिनें आधार देऊं नये. म्हणजे मुठीनें हाताला बसावें, हाताला बांधूं नये.

हा भेद नीट ध्यानांत येण्यासाठीं मराठ्यांचा पट्टा डोळ्यांपुढें आणावा. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, त्यामुळें त्याचें चित्र तरी बहुतेकांनीं पाहिलें असेल. त्याची मूठ म्हणजे लोखंडी खोबळाच असतो. तो पंजाच नव्हे, कोपरापर्यंतचा हात झांकतो. आंत आडवी दांडी धरावयाची. मनगटाला हलावयास जागाच उरत नाहीं. हात आणि पोलाद एक होतात आणि वार खांद्यांतून निघतो. हातांतून हत्यार निसटण्याची भीति नाहीं आणि मनगट मुरगळण्याचीहि नाहीं. रणांगणावर हें अगदीं योग्य होतें. तेथें श्रेय हाताचें कीं लोखंडाचें असें विचारावयास कोणी उभा राहत नसे. खेळाचें तसें नाहीं. खेळांत श्रेयाचा निवाडा हाच सारा खेळ. म्हणून मनगट मोकळें राहिलें पाहिजे, अर्थात् त्याला चुकतां आलें पाहिजे. ज्या साहाय्यानें माणसाची चुकण्याची मोकळीक शिल्लक राहते तें साहाय्य न्याय्य. जें ती हिरावून घेतें त्याच्या योगानें मिळालेले गुण लोखंडाच्या नांवावर लिहावे. शिसवाच्या त्या मुठीवर एकसारखी निळी छाया उमटत असली तरी मनगट तिच्याबाहेरच आहे आणि तें अजूनहि कांपतें.

आमच्या गणिती सहकाऱ्यांना आम्हीं एवढेंच विचारलें, कीं आपल्या नाकावर जो चष्मा आहे तो आपल्या एकट्याच्याच डोळ्यांपुरता घांसलेला आहे; तेव्हां आपण सोडविलेल्या उदाहरणांचे गुण चष्मेवाल्याला द्यावयाचे काय? ते म्हणाले, चष्मा सर्वांनाच मिळतो. हें त्यांचें उत्तर फार महत्त्वाचें आहे आणि त्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

तत्पूर्वीं 'सारखेपणा' या शब्दाविषयीं थोडें बोलूं. एकच मूठ सर्वांना देणें हा समतेचा मार्ग आहे असें वाटतें खरें. पण मग ती मूठ कोणाच्या हातावरून करावयाची? सरासरी हातावरून, असें उत्तर येतें. १९५० च्या सुमारास अमेरिकन हवाईदलानें आपल्या ४०६३ वैमानिकांच्या शरीराचीं मापें घेतलीं. विमानाची बैठक सरासरी माणसासाठीं केलेली होती, तेव्हां असा सरासरी माणूस किती आहेत हें गिल्बर्ट डॅनियल्स नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें तपासलें. दहा मुख्य मापें त्यानें घेतलीं. दहाहि मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक त्या चार हजारांत एकहि निघाला नाहीं. पांचहि बोटें सारखीं नसतात हें आपल्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाहि ठाऊक आहे; परंतु बैठका, बांकें आणि मुठी करणारांना तें मोजून दाखवावें लागतें. तात्पर्य, सर्वांना एकच मूठ दिल्यानें स्पर्धा सारखी होत नाहीं. ज्याचा हात दैवयोगानें त्या मुठीसारखा त्याला मात्र लाभ होतो, आणि तो लाभ डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून त्याला कोणी लाभ म्हणत नाहीं.

हंगेरीच्या कारोली टाकाच याची गोष्ट या ठिकाणीं आठवते. तो सैन्यांतील उत्तम पिस्तूलबाज. १९३८ सालीं हातबाँब फुटून त्याचा उजवा पंजा निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ सालीं लंडनला व १९५२ सालीं हेलसिंकीला शीघ्र पिस्तूलबाजींत ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. उजव्या हाताची मूठ हीच खरी मूठ, डाव्याची करवून घेणें म्हणजे सवलत, असें त्याला कोणी म्हटलें असतें तर तें किती हास्यास्पद झालें असतें!

येथपर्यंत आमचें मन निःशंक होतें. पुढें जें घडलें त्यानें तें थोडें अस्वस्थ झालें. नवी मूठ बसविल्यावर मुलीचे गुण वाढले नाहींत. पहिला महिनाभर ते उतरले. याचें एक कारण शारीरिक आहे. दोन वर्षें मनगट पिळण्याची जी संवय स्नायूंस लागली होती ती आतां उलट बाधूं लागली. पण दुसरें कारण तिनें स्वतःच सांगितलें. पूर्वीं छर्रा भलतीकडे गेला तर त्या दोषाला एक भागीदार होता. आतां तो उरला नाहीं. "आजोबा, आता मूठ काही बोलतच नाही," असें ती म्हणाली. सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडचें तें वाक्य ऐकून आम्ही कांहीं वेळ गप्प राहिलों. आपल्या चुकीबरोबर एकटें राहणें ही गोष्ट पोक्त माणसांनाहि जड जाते. कित्येकांस तर जन्मभर न बसणारी मूठच हवी असते, आणि ती बदलून देणाऱ्याचा त्यांना मनांतून राग येतो.

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आपण अशाच लोकांसाठीं वापरतों. परंतु या म्हणीचा उपयोग कोण करतो हें एकदां पाहावें. ज्याचें स्वतःचें अंगण सपाट आहे तोच बहुधा ती दुसऱ्याला ऐकवितो. अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें ही शक्यता त्या म्हणींत धरलेलीच नाहीं. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें मनु भाकर हिच्या पिस्तुलांत ऐन पात्रताफेरींत बिघाड झाला. कितीतरी मिनिटें दुरुस्तींत गेलीं आणि अंतिम फेरी हुकली. तिनें पिस्तुलाचें नांव घेतलें तर ती सबब कीं सत्य? पुढें २०२४ सालीं पॅरिसला तिनें हवेच्या पिस्तुलाचीं दोन कांस्यपदकें मिळविलीं, एक एकटीनें आणि एक सरबजोत सिंग याच्यासह. आतां सर्वच म्हणतील कीं तें सत्य होतें. पण पॅरिस झालें नसतें तर? सबब कोणती आणि गाऱ्हाणें कोणतें, हें तक्रार करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाहीं. अंगण सरळ करून द्यावें लागतें; मगच कळतें. सरळ करून देण्याची ज्याची तयारी नाहीं त्यानें ती म्हण तोंडांतून काढूं नये, असें आम्हांस वाटतें.

आमच्या मराठवाड्यास याचा अनुभव नवा नाहीं. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दूंतून उच्च शिक्षण देण्याचा उपक्रम केला. इंग्रजीचा दांडा टाकून देशी भाषेची मूठ बसविण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता आणि त्याचें श्रेय त्याला द्यावयासच पाहिजे. पण ती मूठ उर्दू बोलणाऱ्याच्या हाताची होती. परभणी-नांदेडकडच्या मराठी मुलाला ती तितकीच परकी. तो मागें पडला तर मुलगाच मंद, असें म्हणणारे तेव्हांहि असतील. १९५० सालीं बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेनें या शहरांत कॉलेज काढलें, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें, आणि खेड्यापाड्यांतील ज्या मुलांना कोणी मोजलेंहि नव्हतें तीं वर्गांत येऊन बसलीं. त्यांपैकीं कोण खरोखर आळशी आणि कोण नाहीं, हें त्यानंतरच ठरवितां येऊं लागलें.

आतां चष्म्याकडे येऊं. चष्मा सर्वांना मिळतो, मूठ मिळत नाहीं: आमच्या सहकाऱ्यांचा हा मुद्दा आम्हांस खोडून काढतां येत नाहीं. युरोपांतील कांहीं कारागीर हाताची आखणी कागदावर मागवून अक्रोडाच्या मुठी करून पाठवितात. किंमत, टपाल आणि जकात मिळून ती येथल्या मध्यम स्थितींतील कुटुंबासहि जड जाते. पिस्तूल तर त्याहून कितीतरी महाग. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिसला ५० मीटर बंदुकीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंत गुडघ्यावर बसून, पालथें पडून आणि उभें राहून अशा तिन्ही तऱ्हांनीं नेम धरावयाचा असल्यामुळें हल्लींच्या बंदुकींचा कुंदा धातूचा आणि अनेक स्क्रूंचा असतो. गालाखालची पट्टी, खांद्यामागचा आधार, सारें हवें तसें पुढेंमागें करतां येतें. कारखान्याला माणसामाणसांतील भेद मान्य करावा लागला तेव्हां त्यानें शोधलेली ही तोड आहे. एकच वस्तु, पण ती कोणालाहि जुळवून घेतां यावी. तिचा मोठा गुण हा कीं एक कुंदा क्लबांतील दहा मुलांस वापरतां येतो. शिसवी मूठ उसनी देतां येत नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें स्क्रूच श्रेष्ठ म्हणावे काय? संख्येचा हिशेब केला तर होय. तथापि तळहात ही गालासारखी एका पट्टीनें भागणारी वस्तु नाहीं. त्याचे खळगे-उंचवटे इतके आहेत कीं तितके स्क्रू बसविले तर पिस्तूल पेटींत मावणार नाहीं.

शिवाय हातहि स्थिर नाहीं. मिस्त्रींनीं मूठ देतांना मुलीसमोरच आम्हांस बजावलें, "लाकूड थांबलं, सर, ताईंचा हात अजून वाढायलाय. वर्षानं पुन्हा घेऊन या." खुरप्याची मूठ शेतकऱ्याच्या घरीं वीस वर्षें वापरून वापरून हाताजोगी होते, तेथें हातच कानशीचें काम करतो. मिस्त्रींनीं वीस वर्षांचें काम चार रविवारांत केलें, परंतु तें कायमचें झालें असें त्यांनीं मानलें नाहीं. मजुरी त्यांनीं चौकटीच्या कामाचा जो रोज घेतात तोच, चार दिवसांचा घेतला. नाजूक काम म्हणून अधिक द्यावयाचें आमच्या मनांत होतें. त्यांनीं घेतलें नाहीं. अर्थात् हा त्यांचा चांगुलपणा झाला, व्यवस्था नव्हे. चांगुलपणावर चाललेला न्याय सुताराचें वय झालें कीं बंद पडतो.

मुलीची मूठ पाहून तिच्याबरोबर सराव करणारीं आणखी तिघेंजण चिकलठाण्यास गेलीं. दोघांचीं कामें झालीं. तिसरा मुलगा डावखुरा आहे. मिस्त्रींनीं पहिल्या मुठीचा पत्र्याचा नमुना कापून ठेवला होता. तो त्यांनीं उलटा करून त्या मुलाच्या हातावर धरून पाहिला आणि जमत नाहीं म्हणून बाजूस ठेवला. त्याच्यासाठीं लांकूड मिळालें आहे. चार दिवसांच्या रोजाचें मात्र अजून ठरलेलें नाहीं. मुलाचे आईवडील ऊसतोडीस गेले आहेत, ते परतल्यावर पाहूं असें मिस्त्री म्हणाले. जिल्ह्याची स्पर्धा त्याच्या आधींच आहे.